लॅपटॉप चार्ज होईना? बॅटरी घेण्याआधी भिंतीपासून तपासत या

हळदीचे सौदे ऐन रंगात आले होते तेव्हाची गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी काखेत लॅपटॉप मारून माझ्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या टेबलाशी आले. "दादा, चार्जिंगच होईना झालंय. नवीन बॅटरी टाका आणि मोकळं करा, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या अडकल्यात." चारच महिन्यांपूर्वी त्यांनी दुसरीकडे बॅटरी बदलून घेतली होती. मी स्क्रू-ड्रायव्हर हातातही घेतला नाही. त्यांचाच अ‍ॅडॅप्टर माझ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला आणि दिवा लागला. दोष दुकानातल्या एक्स्टेंशन बोर्डात होता. आतल्या पितळी पट्ट्या सैल होऊन काळ्या पडल्या होत्या आणि फटींमध्ये हळदीची पिवळी पूड बसली होती. आधीची बॅटरीही बहुधा उगाचच बदलली गेली असावी.

म्हणून माझी पद्धत भिंतीपासून आत जाण्याची आहे. सॉकेट, अ‍ॅडॅप्टर, पिन, सेटिंग, उष्णता, विंडोज आणि मग कुठे बॅटरी. या रांगेतली पहिली चार-पाच ठाणी घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता तपासता येतात.

आधी लॅपटॉप काय म्हणतोय ते ऐका

"चार्ज होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी असतात, आणि तिघांची वाट वेगळी आहे.

चार्जर लावला तरी लॅपटॉपला काही कळतच नाही, बॅटरीच्या चित्रावर प्लगची खूण येत नाही, दिवा लागत नाही, हे पहिलं. यात वीज लॅपटॉपपर्यंत पोचतच नाहीये. सॉकेट, अ‍ॅडॅप्टर किंवा चार्जिंगचा जॅक (लॅपटॉपवरचं पिन घालायचं छिद्र) बघायचा.

दुसऱ्यात खूण येते, लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण टक्के वाढत नाहीत. चित्रावर बाण नेला की "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं दिसतं. इथे वीज पोचलीय, पण ती बॅटरीत घालायची नाही असं लॅपटॉपनेच ठरवलंय. बहुतेक वेळा कारण सेटिंग, उष्णता किंवा अ‍ॅडॅप्टरची ओळख न पटणं हे असतं. बॅटरी खरोखर मेलेली असणं हेही एक कारण, पण त्याचा नंबर नंतर.

तिसरं दुखणं म्हणजे चार्जर लावलेला असूनही टक्के उतरतात, किंवा इतके हळू वाढतात की सकाळची संध्याकाळ होते. हा जवळजवळ नेहमी कमी ताकदीच्या चार्जरचा प्रताप.

आणि बॅटरी ९५ ते ९९ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असेल आणि "नॉट चार्जिंग" दिसत असेल, तर हा लेख मिटून कामाला लागा. सारखं सारखं एक-दोन टक्के भरत बसलं तर बॅटरी लवकर थकते, म्हणून बरेच लॅपटॉप ती थोडी उतरेपर्यंत मुद्दामच चार्जिंग सुरू करत नाहीत.

भिंत

एक्स्टेंशन, स्पाइक बस्टर, मल्टिप्लग सगळं बाजूला काढा आणि अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. सॉकेट चालू आहे याची खात्री मोबाइलच्या चार्जरने करू नका. त्याला वीज अगदी कमी लागते, त्यामुळे सैल सॉकेटवरही तो चालतो. टेबल फॅन किंवा इस्त्री लावून बघा.

दिवे मंद होण्याइतकं व्होल्टेज उतरतं अशा गावांत लोक आधी त्यालाच दोष देतात. पण अ‍ॅडॅप्टरवर "इनपुट १०० ते २४० व्होल्ट" असं छापलेलं असतं. म्हणजे घरातलं व्होल्टेज १६०वर आलं तरी चांगला अ‍ॅडॅप्टर काम करतो. इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. जुन्या, स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही अ‍ॅडॅप्टर गुणगुणतात आणि नेहमीपेक्षा जास्त तापतात. वीज गेल्यावरच चार्जिंग अडखळत असेल तर संशय इन्व्हर्टरवर घ्या.

जाता जाता एक. जुन्या वाड्यांत अजूनही दोन पिनांची सॉकेट आहेत. तीन पिनांची वायर तिथे बसावी म्हणून लोक अर्थिंगची जाड पिन कापून टाकतात. मग चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होतं, टचपॅडही वेड्यासारखं उड्या मारतं. चार्जिंग त्याने थांबत नाही, पण अर्थिंग करून घ्या.

अ‍ॅडॅप्टर: इथे घाई करू नका

माझ्या टेबलावर येणाऱ्या सर्वाधिक तक्रारींचं मूळ इथे निघतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा वायर बोटांतून फिरवत जा. ठोकळ्यातून वायर निघते ती जागा आणि पिनच्या अलीकडची दोन इंच वायर, या दोन ठिकाणी ती आतून तुटते, कारण सगळी मोडतोड तिथेच होते. गाठीसारखं, मऊ किंवा चुरगळल्यासारखं काही लागतंय का? लॅपटॉप चालू ठेवून तिथे वायर हलकेच वाकवली की चार्जिंगची खूण येते-जाते का? मग निदान झालं. उंदरांनी कुरतडलेली वायर चिकटपट्टीने गुंडाळून वापरू नका. घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको.

मग अ‍ॅडॅप्टरवरचा छोटा दिवा. लॅपटॉपपासून सोडवलेला असताना तो लागतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो, असं झालं तर अ‍ॅडॅप्टर शहाणा आहे. लॅपटॉपच्या जॅकमध्ये किंवा आतल्या मदरबोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॅप्टर स्वतःला वाचवतोय. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे जा. दिवा मुळातच लागत नसेल, तर भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची सुटी वायर बदलून बघा. ती स्वस्त असते आणि पुष्कळदा गुन्हेगार तीच निघते.

ठोकळ्यावरचं लेबल वाचायला शिका. "आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर" असं असेल तर दोन्हींचा गुणाकार करा, साधारण ६५ वॉट येतात. १९ व्होल्ट आणि २.३७ अँपिअर म्हणजे ४५ वॉट. बदली अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. लॅपटॉपला हवे तेवढेच अँपिअर तो ओढतो. विश्रामबागच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने गेमिंग लॅपटॉपला मित्राचा ६५ वॉटचा अ‍ॅडॅप्टर लावला होता. त्याच्या लॅपटॉपला दीडशेच्या वर वॉट लागत होते. चार्जर लावूनही बॅटरी उतरते म्हणून तो बॅटरीच बदलायला निघाला होता.

आता डेलवाल्यांनी आणि एचपीवाल्यांनी नीट वाचा. या दोन्ही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक काडी असते. तिच्यातून ताकदीची वीज येत नाही. हा अ‍ॅडॅप्टर कुठला आणि किती वॉटचा, ही ओळख ती काडी लॅपटॉपला सांगते. काडी वाकली, तुटली किंवा तिची वायर आतून सुटली की लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी भरत नाही. वरून त्याचा वेगही मंदावतो. डेलमध्ये सुरू होतानाच अ‍ॅडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येतो आणि लोक तो न वाचता एंटर दाबून पुढे जातात. टॉर्च घेऊन पिनमध्ये डोकावून बघा. काडी सरळ, मधोमध असली पाहिजे.

मल्टिमीटर असेल तर (काही शे रुपयांत मिळतो, घरात असावा) डीसीवर, २० व्होल्टच्या पुढच्या टप्प्यावर ठेवा. लाल टोक पिनच्या आतल्या भिंतीला, काळं बाहेरच्या भिंतीला. मधल्या काडीला टोक लावू नका आणि आतली-बाहेरची भिंत एकदम टेकवू नका, शॉर्ट होईल. लेबलवरच्या आकड्याच्या आसपास व्होल्ट आले पाहिजेत. १९.५च्या जागी १४ किंवा वरखाली नाचणारा आकडा दिसला तर अ‍ॅडॅप्टर गेला. मात्र आकडा बरोबर आला म्हणून तो निर्दोष सुटला असं नाही. भार पडल्यावर मान टाकणारे अ‍ॅडॅप्टर असतात. शेवटचा शब्द एकच, तेवढ्याच वॉटचा दुसरा खात्रीचा अ‍ॅडॅप्टर लावून बघणे. ओळखीत कुणाकडे तरी त्याच कंपनीचा लॅपटॉप असतोच.

नवा घ्यायचा झाला तर ठोकळ्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि "आर" ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा. तो "बीआयएस केअर" या अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो. वजनाला हलका आणि किमतीला फारच स्वस्त अ‍ॅडॅप्टर मी माझ्या लॅपटॉपला लावणार नाही.

टाइप-सी असेल तर

इथे चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलतात, मगच वीज ५ व्होल्टवरून ९, १५, २० अशी चढते. त्यामुळे साध्या मल्टिमीटरने हा चार्जर तपासता येत नाही. तीन चुका वारंवार दिसतात. मोबाइलचा चार्जर लावणे ही पहिली. तो १८ किंवा ३३ वॉटचा असला तर लॅपटॉप "स्लो चार्जर" म्हणेल किंवा दुर्लक्षच करेल. दुसरी, चुकीचं छिद्र. दोन टाइप-सी पोर्ट असले तरी कधी कधी एकच चार्जिंगचं असतं, शेजारी प्लगचं किंवा "पीडी" (पॉवर डिलिव्हरी) असं चिन्ह बघा. तिसरी म्हणजे केबल. साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे ६० वॉटपर्यंत नेते. १०० वॉटचा चार्जर घेतला आणि केबल जुन्या मोबाइलची लावली तर पैसे वाया.

जॅक आणि त्यातला कचरा

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टॉर्चने जॅकमध्ये बघा. कापसाचे धागे, धूळ, आमच्याकडे हळद. लाकडी टूथपिकने हलकेच बाहेर काढा. सुई, टाचणी, केसांचा पिन नको. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. टाइप-सीमध्ये मधोमध पातळ जीभ असते, तिला धक्का लागू देऊ नका.

पिन घातल्यावर सैल हलते, एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होते, किंवा जॅकपाशी प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, असं असेल तर जॅक बदलायला झालाय. खाली वही सरकवून, रबर लावून कोन साधायचा खेळ मी पुष्कळ पाहिलाय. सैल जागी ठिणग्या पडतात, जागा जळते आणि जॅकचं काम बोर्डापर्यंत जातं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये गोल पिनचा जॅक वेगळ्या वायरवर असतो, तो बदलणं अवघड नाही. टाइप-सीचा जॅक मात्र बहुधा थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो.

८० वर अडकलेली बॅटरी

टक्के नेमके ६० किंवा ८० वर येऊन थांबत असतील तर बिघाड नाही, ती सोय आहे. लिथियमची बॅटरी सतत १०० टक्के भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते, म्हणून कंपन्यांनी मर्यादा दिलीय. लेनोवोत "लेनोवो व्हँटेज" मध्ये "कन्झर्व्हेशन मोड" शोधा. एसुसमध्ये "मायएसुस" मध्ये बॅटरीच्या काळजीचा भाग असतो. डेल आणि एचपीमध्ये ही सेटिंग बायॉसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) सापडते, डेलमध्ये सुरू होताना एफ-२ आणि एचपीमध्ये एफ-१० दाबून आत जाता येतं. मॅकही तुमची सवय ओळखून ८० वर थांबतो.

लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरलाच असेल तर ही मर्यादा चालू राहू द्या. प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करा. गंमत म्हणजे हे मोड कधी लॅपटॉप घेताना दुकानदाराने, कधी घरातल्या पोराने चालू केलेले असतात आणि ज्याचा लॅपटॉप त्यालाच पत्ता नसतो.

एप्रिल-मे

लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर गेली की तिच्यातला इलेक्ट्रॉनिक रखवालदार चार्जिंग थांबवतो. आता सांगलीचा उन्हाळा आठवा. बाहेर ४०, पत्र्याची खोली, लॅपटॉप गादीवर, पंख्याची जाळी दुलईने झाकलेली. आतली बॅटरी केव्हाच पन्नाशीच्या पुढे. दुपारी चार्ज होत नाही आणि रात्री होतो, अशी तक्रार असेल तर दुसरं कारण शोधू नका. लॅपटॉप बंद करा, फरशीवर ठेवा, अर्ध्या तासाने चार्जर लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. यार्डातल्या, पिठाच्या गिरणीजवळच्या, बेदाण्याच्या शेडमधल्या लॅपटॉपचा पंखा वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावा.

तीस सेकंद, आणि मग विंडोज

आधी एक परीक्षा करा, तिच्यावरून पुढची वाट ठरते. शिफ्ट दाबून धरून "शट डाउन" करा. शिफ्ट यासाठी, की नुसत्या शट डाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपते. बंद अवस्थेत तासभर चार्जर लावून ठेवा. बंद असताना टक्के वाढले आणि चालू असताना वाढत नाहीत, तर संशय विंडोजवर, उष्णतेवर किंवा कमी वॉटच्या चार्जरवर. बंद असतानाही काही नाही, तर विंडोजला सोडून द्या.

दोन्हीत करून बघण्यासारखा फुकटचा उपाय असा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढलेली. चालू करायचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून सुरू करा, बॅटरी काढली असेल तर नंतर बसवा. चार्जिंग सांभाळणारी बोर्डावरची चिप कधी कधी अडकून बसते, ती याने नव्याने सुरू होते. काही थिंकपॅड आणि एसर लॅपटॉपच्या तळाला यासाठी टाचणीएवढं भोक असतं.

त्यानंतर स्टार्टवर उजवी क्लिक, "डिव्हाइस मॅनेजर", त्यात "बॅटरीज". तिथे "मायक्रोसॉफ्ट एसीपीआय" ने सुरू होणारी लांबलचक नावाची ओळ दिसेल. तिच्यावर उजवी क्लिक करून "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. विंडोज तो ड्रायव्हर आपला आपण परत बसवते. खरं सांगायचं तर इंटरनेटवर या उपायाचं जेवढं कौतुक आहे तेवढा तो लागू पडत नाही. पण पाच मिनिटांचं काम, नुकसान काही नाही.

बायॉस अपडेट करा असाही सल्ला मिळेल. बॅटरी भरत नसलेल्या लॅपटॉपवर, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही अशा ठिकाणी, घरी तो करू नका. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर लॅपटॉप सुरूच होणार नाही.

बॅटरीची कुंडली

इथवर येऊनही गाडी हलली नाही, तर आता बॅटरीकडे बघू. विंडोज तिची सगळी माहिती जपून ठेवते. स्टार्टमध्ये "कमांड प्रॉम्प्ट" उघडा. इंग्रजी अक्षरांत "पॉवरसीएफजी" लिहा (पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि लागूनच सी, एफ, जी), एक जागा सोडा, पुढे झुकलेली तिरपी रेघ द्या, रेघेला चिकटून "बॅटरीरिपोर्ट" असं एकाच शब्दात लिहून एंटर मारा. अहवाल कुठे साठवला ते तिथेच दिसेल, ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

दोन आकडे बघायचे. "डिझाइन कपॅसिटी" म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि "फुल चार्ज कपॅसिटी" म्हणजे आज किती मावतं. समजा पहिला ४१,००० आणि दुसरा १६,४०० आहे. म्हणजे फक्त ४० टक्के जीव उरलाय. माझा ठोकताळा असा, की ६०च्या वर असेल तर बॅटरी बदलायची घाई नको, ५०च्या खाली असेल तर बदला. "सायकल काउंट", म्हणजे बॅटरी पूर्ण भरून वापरण्याच्या किती फेऱ्या झाल्या तो आकडा, दिसत असेल तर तोही बघा. साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलनंतर थकू लागतात, अ‍ॅपल आपल्या आताच्या मॅकबुकसाठी १,००० सायकल सांगते. अहवालात बॅटरीच दिसत नसेल तर तिचा आतला कनेक्टर निसटलाय, किंवा ती पूर्ण गेलीय.

महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी शून्याच्याही खाली गेलेली असते. अशा वेळी चार्जर लावून दोन-तीन तास शांत बसा. चार्जिंग आधी अगदी बारीक धारेने सुरू होतं. तेवढ्यातही जाग आली नाही तर ती बॅटरी सोडून द्या. बाहेरून वायरी जोडून सेल "जिवंत" करण्याचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका, आग लागते.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये ११.४ व्होल्टची आणि १५.२ व्होल्टची अशा दोन तऱ्हा असू शकतात. जुनी बॅटरी काढून तिच्यावरचा पार्ट नंबर जुळवा, आणि नवीवरची उत्पादनाची तारीख बघा. लिथियम नुसतं खोक्यात पडूनही म्हातारं होतं.

फुगलेली आणि भिजलेली

टचपॅड वर उचललंय किंवा दाबलं जात नाही, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. बॅटरी फुगलीय. त्या क्षणी चार्जर काढा, बंद करा, आणि पुन्हा चार्ज करू नका. टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच द्या.

२०१९च्या आणि २०२१च्या महापुरानंतर माझ्या टेबलावर गाळाने भरलेले लॅपटॉप आले. त्यातले जे चार्जर न लावता तसेच आणले त्यातले काही वाचले. "वाळलाय का बघू" म्हणून घरी चार्जर लावलेले जवळजवळ सगळे गेले. वरून वाळलं तरी गाळ बोर्डाच्या फटीत ओला राहतो, आणि वीज मिळाली की बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने गाळ जात नाही. चहा सांडला तरी हेच, साखर गाळापेक्षा कमी नाही.

दुकानात देताना

सगळं करून झालं, दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरवरही काही नाही, बॅटरीचा अहवाल बरा आहे, तर बोर्डावरचा चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) किंवा त्याच्या आसपासचं काही गेलंय. हे घरी होणारं काम नाही. वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातच जा, बाहेर उघडू नका.

बाहेर देत असाल तर आधी डेटाची प्रत काढून ठेवा. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर बरोबर न्या. तो घरी ठेवून येणारे निम्मे, आणि मग आमचा अर्धा दिवस दुसऱ्याच्या अ‍ॅडॅप्टरवर जातो. काय काय करून पाहिलं ते सांगा. "बॅटरी गेलीय" असं निदान सांगू नका, लक्षण सांगा. बॅटरी बदलायचीच असं ठरलं तर दुकानातली चांगली बॅटरी क्षणभर लावून समोर चार्ज होताना दाखवायला सांगा, आणि नवीचा पार्ट नंबर व वॉरंटीचे महिने पावतीवर लिहून घ्या.